तेलाची बाटली हातात घ्याल तेव्हा

माझ्या धाकट्या भावाच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला तेव्हा तो 42 वर्षांचा होता. घरी आल्यावर आठ दिवसांतच त्याचा फोन आला. "ताई, तू एवढी वर्षं तेलं तपासतेस. मला बाकी काही समजावू नकोस. सगळ्यात चांगलं तेल कोणतं ते सांग, उद्यापासून तेच वापरतो."

खाद्यतेलं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मला तेव्हा 19 वर्षं झाली होती, आणि तरीही त्याला एका नावात उत्तर देता येईना. मी सरळ त्याच्या घरी गेले आणि आधी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. शेगडीला खेटून पाच लिटरचा पारदर्शक कॅन, झाकण अर्धवट लावलेलं, खिडकीतून येणारं दुपारचं ऊन थेट त्याच्यावर. शेजारी जवसाच्या तेलाची नवीकोरी बाटली. त्यातलं दोन मोठे चमचे तेल तो रोज सकाळी उपाशीपोटी प्यायला लागला होता. फडताळात क्रीमच्या बिस्किटांचे तीन पुडे. भावजय म्हणाली, "तेल तर आम्ही चांगल्यातलंच आणतो हो, ताई." आणि ते खरंच होतं. आणताना तेल चांगलंच होतं. पुढचं सगळं त्या ओट्यावर झालं होतं.

त्या दिवशी मी त्या दोघांना जे दाखवलं, आणि पुढे ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना जे सांगत आले, ते इथे लिहिते आहे.

आधी तेलाची घडण

कुठलंही तेल एकाच जातीच्या स्निग्धाम्लांचं बनलेलं नसतं. प्रत्येकात तीन जाती असतात: सॅच्युरेटेड, मोनो आणि पॉली. फरक असतो तो प्रमाणाचा. स्निग्धाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. साखळीत एकही दुहेरी बंध नसेल तर ती सरळ राहते, अशा साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि पदार्थ थंडीत घट्ट होतो: लोणी, तूप, नारळाचं तेल. हे सॅच्युरेटेड. एक दुहेरी बंध आला की साखळी तिथे वाकते, ते मोनो. दोन किंवा जास्त आले की पॉली. वाकलेल्या साखळ्या नीट रचल्या जात नाहीत, म्हणून ही तेलं पातळ राहतात.

प्रयोगशाळेत हे दुहेरी बंध आम्ही आयोडीनने मोजायचो. बंध जितके जास्त, तितकं आयोडीन तेल शोषून घेतं. नारळाच्या तेलाचा आकडा 6 ते 11 च्या आसपास येतो, ऑलिव्हचा 75 ते 94, तिळाचा 104 ते 120, सोयाबीनचा 124 ते 139, आणि जवसाचा 170 च्या पुढे. वर्षानुवर्षं हे आकडे लिहिताना एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली, आणि या लेखातलं बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. जे बंध हृदयाला हवे असतात, नेमके तेच बंध हवेला, उन्हाला आणि आचेलाही हवे असतात. तेल जितकं गुणाचं, तितकं नाजूक. त्यामुळे तेल निवडणं आणि तेल सांभाळणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

आता दुकानात बाटली हातात घ्याल तेव्हा पुढचं लेबल वाचूच नका. बाटली फिरवा आणि मागचा पोषणाचा तक्ता बघा. पुढे मोठ्या अक्षरांत "कोलेस्टेरॉल-फ्री" लिहिलेलं असेल तर त्याचा निवडीशी काही संबंध नाही, कारण कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या शरीरात तयार होतं आणि वनस्पतींच्या तेलांत ते नसल्यातच जमा असतं. पिवळ्या फुलाचं चित्र, हृदयाचं चित्र, "लाइट" हा शब्द, यांतल्या कशानेही आतली घडण कळत नाही. "लाइट" लिहिलेल्या तेलाच्या एका ग्रॅममध्येही 9 कॅलरीच असतात, कारण तेल म्हणजे निव्वळ स्निग्ध.

तक्त्यात दर 100 ग्रॅमला सॅच्युरेटेड किती, मोनो किती, पॉली किती, ट्रान्स (ते काय, हे पुढे येईलच) किती हे दिलेलं असतं. माझा स्वतःचा साधा नियम असा: रोजच्या तेलात सॅच्युरेटेड 20 च्या खाली हवं, ट्रान्स शून्य हवं, आणि गरम करायचं असेल तर उरलेल्यात मोनोचा वाटा मोठा हवा. या चाळणीतून ऑलिव्ह सहज पार होतं (मोनो सुमारे 73 टक्के, सॅच्युरेटेड 14), कनोला होतं (मोनो 63, सॅच्युरेटेड अवघं 7), शेंगदाणा आणि तीळ होतात. साध्या सूर्यफुलात पॉली 65 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे ते कच्चं खायला, मंद आचेवर चांगलं, पण तळायला नाजूक. त्याच सूर्यफुलाच्या "हाय ओलेइक" वाणाचं तेल मात्र पूर्ण वेगळं, मोनो 80 च्या वर. बाटलीवर फूल तेच, तेल दुसरंच. तक्ता वाचल्याशिवाय हे कळायला मार्ग नाही.

पाम तेलात सॅच्युरेटेड निम्मं असतं, नारळात 80 टक्क्यांच्या वर. तुपात सुमारे 60, लोण्यात 50. ही विषं नव्हेत, आणि ती खाणाऱ्याला घाबरवणं मला कधीच पटलं नाही. पण हिशेब हवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी सॅच्युरेटेडचा वाटा 10 टक्क्यांच्या वर जाऊ नये. 2000 कॅलरी खाणाऱ्यासाठी हे साधारण 22 ग्रॅम झाले. नारळाच्या तेलाचा एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिलिलिटर, पोटात गेला की त्यातले 11 ग्रॅम संपले. अर्धा कोटा एका चमच्यात. मग दिवसभराचं दूध, चीज, मांस, बिस्किटं उरलेल्या अर्ध्यात बसवायची.

नारळाच्या तेलाबद्दल मला फार विचारलं जातं. त्यातलं लॉरिक आम्ल मध्यम साखळीचं आहे म्हणून ते थेट जळून जातं, असा युक्तिवाद असतो. लॉरिकची साखळी 12 कार्बनची, आणि शरीर तिचा बराचसा भाग लांब साखळीसारखाच हाताळतं. माणसांवरच्या चाचण्यांमध्ये इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत नारळाच्या तेलाने एलडीएल, म्हणजे वाईट म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, वाढतं असंच दिसलं आहे. चवीसाठी कधीमधी वापरा. औषध म्हणून पिऊ नका.

काय काढलं आणि काय घातलं

भाऊ जवसाचं तेल प्यायचा त्यात हेतू चांगला होता. पण त्याने जेवणातलं काहीच काढलं नव्हतं. दोन मोठे चमचे तेल म्हणजे जवळजवळ 240 कॅलरी, त्या नेहमीच्या खाण्यावर वरून चढत होत्या. त्याला मी कागदावर लिहून दाखवलं: चांगल्या तेलाचा फायदा होतो तो ते कशाच्या जागी आलं त्यावर. 2017 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आधीच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा हेच ठळकपणे पुढे आलं. सॅच्युरेटेड काढून त्या जागी पॉली आणलं तर हृदयविकार सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले. पण त्याच जागी मैदा आणि साखर आली तर फायदा दिसला नाही. लोणी सोडलं आणि गोड बिस्किटं वाढली, तर काहीच बदललं नाही असं समजा.

आणि ती बिस्किटं. त्यांच्या पुड्यावर मी त्याला घटकांची यादी मोठ्याने वाचायला लावली. तिसऱ्या क्रमांकावर "अंशतः हायड्रोजनीकृत वनस्पती तेल" होतं. पातळ तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करण्याचं तंत्र विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शोधलं आणि 1902 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. स्वस्त, टिकाऊ, घट्ट स्निग्ध मिळालं म्हणून ते जगभर पसरलं. पण हायड्रोजनचं काम अर्धवट सोडलं की काही दुहेरी बंध तसेच राहतात आणि उलट बाजूला वळतात. वाकलेली साखळी पुन्हा सरळ होते. हेच ट्रान्स फॅट. ते एलडीएल वाढवतं आणि वर चांगलं एचडीएलही कमी करतं. 1990 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हा दुहेरी फटका दाखवून दिला. डेन्मार्कने 2003 मध्ये त्यावर कायद्याने मर्यादा घातली, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2015 मध्ये अशी तेलं सुरक्षित मानायचं बंद केलं, आणि 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती जगभरातून हद्दपार करण्याची हाक दिली.

तरी पुडा उलटून बघायची सवय सोडू नका. अमेरिकेसारख्या ठिकाणी एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स असेल तर लेबलवर शून्य लिहिता येतं, आणि वाढणी म्हणजे दोन-तीन बिस्किटं. पुडा संपवणाऱ्याच्या पोटात शून्य जात नाही. म्हणून आकड्यापेक्षा घटकांची यादी खरी. "अंशतः हायड्रोजनीकृत" हे शब्द दिसले की पुडा जागेवर ठेवा. "पूर्ण हायड्रोजनीकृत" असेल तर त्यात ट्रान्स जवळपास नसतं, पण ते बहुतेक सगळं सॅच्युरेटेड असतं.

स्निग्ध शून्य करण्याच्या मागेही लागू नका. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धाबरोबरच शोषली जातात. गाजराची किंवा पालेभाजीची कोशिंबीर तेलाच्या थेंबाशिवाय खाल्ली तर तिच्यातला बराच कॅरोटीन तसाच बाहेर पडतो. दोन स्निग्धाम्लं शरीराला स्वतः बनवताच येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात: लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने 1929 मध्ये उंदरांना स्निग्धाशिवाय वाढवलं तेव्हा त्यांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले आले, आणि तिथून ही गोष्ट जगाला कळली. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नातलं स्निग्ध तर मुळीच कमी करू नये.

यातलं लिनोलेइक बहुतेक तेलांतून भरपूर मिळतं. कमी पडतं ते अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे वनस्पतींमधलं ओमेगा-3. रोज पुरुषांना सुमारे 1.6 ग्रॅम आणि बायकांना 1.1 ग्रॅम पुरतं. जवसाच्या तेलाच्या एका लहान चमच्यात दोन ग्रॅमच्या वर असतं. म्हणजे भावाला एक लहान चमचा पुरे होता, तो सहा पिऊन मोकळा होत होता. त्यापेक्षा एक मोठा चमचा ताजी जवसपूड बरी, चोथाही मिळतो. सोयाबीन, कनोला, अक्रोड यांतूनही हे मिळतं. मासे खाणाऱ्यांना पुढच्या टप्प्याची ओमेगा-3 थेट मिळतात. वनस्पतींमधल्या ओमेगा-3 पासून ती शरीरात फार थोडीच तयार होतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कुठल्याही तेलाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

आच

जवसाचं तेल गुणाचं म्हणून एकदा माझ्याही हातून ते कढईत पडलं. माहीत असूनही. घाईत बाटली बदलली गेली. मिनिटभरात घरात ताज्या रंगाचा आणि शिळ्या माशांचा मिळून एक वास भरला. रंगाचा वास येण्याला कारण आहे: जवसाचं तेल शतकानुशतकं चित्रकार रंगात घालत आले, कारण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि पापुद्रा धरतं. जो गुण चित्राला उपयोगी, तोच कढईत घातक. जवस, अक्रोड यांची तेलं फक्त वरून घालायची. आचेवर कधीच नाही.

लोक धूर सुटण्याचं तापमान विचारतात. ते उपयोगी आहे, पण अर्धंच. न शुद्ध केलेल्या जवसाच्या तेलाला 107 अंश सेल्सियसच्या आसपासच धूर सुटतो, लोण्याला 150 ते 175 ला, बहुतेक रिफाइंड तेलांना 220 च्या पुढे. तळण साधारण 170 ते 190 अंशांना होतं. मग रिफाइंड सूर्यफूल तळायला उत्तम म्हणायचं का? नाही. धूर कधी सुटणार हे मुख्यतः तेलात मोकळी स्निग्धाम्लं किती आहेत त्यावर ठरतं. तेल आतून किती मोडतंय हे ठरतं दुहेरी बंधांवर. पॉली भरपूर असलेलं तेल धूर न सोडताही त्या तापमानाला झपाट्याने मोडतं आणि अल्डिहाइड नावाची खवट वासाची द्रव्यं तयार होतात. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्हचा धूरबिंदू कमी दिसतो, पण मोनो जास्त आणि अँटिऑक्सिडंट, म्हणजे तेलाला बिघडण्यापासून राखणारी द्रव्यं, सोबत, म्हणून परतायला ते चांगलं टिकतं.

तेव्हा तळायचं असेल तर मोनो जास्त असलेलं रिफाइंड तेल: हाय ओलेइक सूर्यफूल, शेंगदाणा, कनोला. परतायला यांतलंच किंवा ऑलिव्ह, तीळ. तिळाच्या तेलात पॉली 40 टक्क्यांच्या वर असूनही ते चिवट आहे, कारण त्यात सेसमॉल वगैरे स्वतःचे राखणदार असतात. प्रयोगशाळेत आम्ही तेलं गरम ठेवून किती दिवसांत बिघडतात ते बघायचो, तेव्हा तीळ इतरांच्या मागे रेंगाळत राही. मला त्या तेलाचं अजून कौतुक आहे.

तळलेलं तेल पुन्हा वापरावं का? एकदा, फार तर दोनदा, तेही गाळून, गार करून, झाकून ठेवलं असेल तर. तळताना पदार्थातलं पाणी तेलात शिरतं आणि स्निग्धाम्लं मोकळी करतं, म्हणून दुसऱ्या वेळी धूर लवकर सुटतो. उरलेले जळके कण बिघाड आणखी वाढवतात. युरोपातल्या अनेक देशांत तळणीच्या तेलात बिघडलेले, ध्रुवीय म्हणतात ते घटक सुमारे 25 टक्क्यांवर गेले की ते फेकायचं असा नियम आहे. घरी मोजायला यंत्र नसतं, पण तेल दाट झालं, काळवंडलं, पदार्थ टाकल्यावर बारीक फेस येऊन तो खाली बसेना, की समजा. असं तेल ताज्यात मिसळून "वळतं" करू नका. आणि कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी कधीच टाकू नका. आच बंद करा, झाकण ठेवा, कढई हलवू नका.

रिफाइंड की घाण्याचं

यावर भांडणं होतात, आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे. रिफाइंड करताना तेलातला चिकटा काढतात, मोकळी आम्लं काढतात, मातीने रंग शोषून घेतात आणि शेवटी निर्वात भांड्यात 200 अंशांच्या वरच्या वाफेने वास काढतात. त्यात थोडं ई-जीवनसत्त्व जातं, चव जाते. पण त्याबरोबर कीटकनाशकांचे अंश आणि बुरशीचं अफ्लाटॉक्सिनही जातं. घाण्याच्या तेलात चव आणि राखणदार द्रव्यं राहतात, आणि दाणे बुरशीचे असतील तर ते विषही राहू शकतं. म्हणून घाण्याचं शेंगदाणा तेल घ्यायचं तर दाणे निवडून घेणाऱ्याकडून, थोडं थोडं, ताजं घ्या. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला घाण्याचं तेल देऊ नका, त्यात प्रथिनांचा अंश राहतो. मी स्वतः तळायला रिफाइंड आणि वरून घालायला घाण्याचं, अशी दोन्ही ठेवते. स्निग्धाम्लांची घडण दोन्हीत जवळपास सारखीच असते.

खवटपणा

आता ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले ते. भावाच्या कॅनमधलं तेल मी एका छोट्या गडद बाटलीत काठोकाठ भरून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर नेलं. पाच ग्रॅम तेल फ्लास्कमध्ये तोललं, त्यात द्रावक घालून हलवलं, मग पोटॅशियम आयोडाइडचं अर्धा मिलिलिटर संपृक्त द्रावण. बरोबर एक मिनिट. तेल ताजं असेल तर रंग जेमतेम पिवळसर होतो. हे लगेच गडद पिवळं झालं. पाणी आणि स्टार्च घातलं तसं शाईसारखं निळंकाळं. मग ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचनळीतून, थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं आणि निळा रंग जाईपर्यंत मोजायचं. रंग जाता जाईना. आकडा आला 23. रिफाइंड तेलासाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाची मर्यादा 10 आहे, घाण्याच्या तेलासाठी 15. तेलाची मुदत संपायला अजून पाच महिने होते.

हा आकडा पेरॉक्साइडचा. हवेतला ऑक्सिजन दुहेरी बंधांजवळ शिरतो, पेरॉक्साइड बनतात, एक साखळी बिघडली की ती शेजारच्या साखळीला बिघडवते. सुरुवातीला बराच काळ काहीच जाणवत नाही, मग एकदम वेग येतो. नंतर पेरॉक्साइड स्वतः मोडतात आणि त्यातून तो खवट वास देणारी अल्डिहाइड तयार होतात. म्हणून फार जुन्या तेलाचा पेरॉक्साइड आकडा उलट कमी येतो. नव्याने कामावर आलेली मुलं तिथे फसायची. मी त्यांना सांगायचे, आधी वास घ्या, मग ब्युरेट भरा.

घरी तुमच्याकडे ब्युरेट नाही, नाक आहे, आणि ते फार चांगलं यंत्र आहे. बाटलीला नाक लावून नेमकं कळत नाही. चार थेंब तळहातावर घ्या, दुसऱ्या तळव्याने चोळून गरम करा, मग हुंगा. ताज्या तेलाला वास नसतो किंवा दाण्याचा, बीचा वास असतो. बिघडायला लागलेलं तेल भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं, जुन्या खडूच्या डब्यासारखं येतं, त्यापुढे रंगासारखं. जिभेवर घशाशी ओरखडा उठतो. ऑलिव्हचा तिखटपणा वेगळा, तो ताजेपणाचा. शंका आली की त्याच तेलाची नवी बाटली उघडून दोन्ही तळहातांवर शेजारी शेजारी हुंगा. एकदा फरक कळला की तो विसरत नाही.

सांभाळण्याबद्दल मी फार हट्टी आहे. बाटली लहान आणा, महिना-दीड महिन्यात संपेल एवढी. पाच लिटरचा कॅन स्वस्त पडत असला तरी रोज उघडला की रोज ताजी हवा आत जाते. आणलाच तर लगेच छोट्या स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत काठोकाठ भरून घट्ट बंद करा आणि एकच बाटली वापरात ठेवा. उजेड वाईट, विशेषतः हिरवट, न शुद्ध केलेल्या तेलांना, कारण त्यातलं हरितद्रव्य उजेड पकडून ऑक्सिजनला कितीतरी पट आक्रमक करतं. म्हणून गडद काच, किंवा बंद कपाट. शेगडीपासून हातभर लांब. तांबं तेलाला लागता कामा नये, त्याच्या कणभर अंशानेही बिघाड वेगाने होतो. जवस आणि अक्रोडाची तेलं फ्रिजमध्येच. ऑलिव्ह फ्रिजमध्ये गढूळ झालं तर ते बिघडलं असं नाही, आणि ती शुद्धतेची परीक्षाही नव्हे.

आणि तेलाच्या बरणीत तळाशी जुनं तेल असताना वरून नवं ओतू नका. ते दिसायला निरुपद्रवी वाटतं. पण तो जुना तळ म्हणजे नव्या तेलाला लावलेलं विरजण. बिघडलेल्या साखळ्या चांगल्यांना बिघडवायला तयारच असतात. बरणी रिकामी करा, साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, मगच भरा. भावाकडे त्या सैल झाकणाच्या कॅनमधूनच ओट्यावरची बरणी चार वर्षं न धुता भरली जात होती. बरणीच्या गळ्याशी पिवळा चिकट थर होता, नखाने खरवडला तर रबरासारखा निघाला. तोही वाळलेलं तेलच.

बाटली उघडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहा. यातून दोन गोष्टी कळतात. एक, उघडून किती दिवस झाले. दुसरी, घरात तेल किती लागतं. एक लिटर तेल म्हणजे साधारण 915 ग्रॅम. घरात चार माणसं आणि बाटली 11 दिवसांत संपली, तर माणशी रोजचं वीस ग्रॅमच्या आसपास झालं. सहा दिवसांत संपत असेल तर जवळजवळ 40 ग्रॅम, म्हणजे साडेतीनशे कॅलरी नुसत्या बाटलीतून, दूध-दाणे-बिस्किटांतलं स्निग्ध वेगळं. बाटलीतून सरळ धार सोडण्याऐवजी चमच्याने घाला, एवढ्यानेच आमच्या घरी पहिल्या महिन्यात फरक दिसला.

भावाच्या ओट्यावर आता अर्ध्या लिटरची गडद बाटली असते, कपाटाच्या आत, आणि तिच्यावर भावजयीच्या अक्षरात तारीख. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "ताई, सात आठवडे झाले उघडून. वास थोडा वेगळा वाटतोय, पण नक्की सांगता येत नाही." मी म्हटलं, नवी बाटली उघड आणि दोन्ही हातांवर घे. फोन तसाच ठेवून तो गेला. परत आला आणि म्हणाला, "पुठ्ठा." बाटलीत पाव भाग तेल उरलं होतं. ते मोरीत न ओतता त्याने जुन्या कागदात शोषवलं, पिशवीत बांधलं आणि कचऱ्यात टाकलं.